ग्राहकाआधी वैद्याने पाहावे : ऑनलाइन औषधालयातील बदलांची पूर्वपरीक्षा

स्नेहपाक सिद्ध झाला की नाही हे ठरविताना आपण केवळ रंगगंधावर विसंबून राहत नाही. कल्क बोटांत घेऊन त्याची वात वळते का हे पाहतो, ती अग्नीवर धरली असता तडतड आवाज होतो का हे ऐकतो, तेलास फेस आला काय आणि घृताचा फेस शमला काय याकडे लक्ष ठेवतो. अवलेहाची तार पाहतो, तो पाण्यात बुडतो का व त्यावर बोटाचा ठसा उमटतो का हे तपासतो. ही परीक्षा झाल्याखेरीज पातेले चुलीवरून उतरविण्याची आपली परंपरा नाही. याच औषधालयाच्या ऑनलाइन दुकानात मात्र वेगळेच चित्र दिसते. मालक रात्री दुकान वाढविल्यावर संगणकासमोर बसतो, चार औषधांचे वर्णन बदलतो, एखादी नवी मांडणी निवडतो आणि प्रकाशित करण्याची कळ दाबतो. बदल कसा दिसतो हे त्याला आणि ग्राहकाला एकाच क्षणी कळते. कापडाच्या दुकानात हे एक वेळ खपून जाईल. औषधाच्या पानावर मात्रा, अनुपान, पथ्य आणि सावधगिरीची सूचना असते. ते पान म्हणजे बाटलीवरील लेबलाचाच विस्तार होय, असे आम्ही मानतो.

बदल आधी स्वतः पाहण्याची सोय आज बहुतेक सर्व प्रणालींत आहे. शॉपिफायवर दुकान असेल तर चालू थीमची दुसरी प्रत काढता येते. ही प्रत अप्रकाशित राहते, तीत हवे ते फेरफार करून प्रिव्ह्यू पाहता येतो, आणि त्याची लिंक सहकाऱ्यास पाठविता येते. वर्डप्रेसवरील वूकॉमर्स वापरणाऱ्यांना पानाचा प्रिव्ह्यू मिळतोच. शिवाय पुष्कळ होस्टिंग कंपन्या संपूर्ण संकेतस्थळाची चाचणी-प्रत, म्हणजे स्टेजिंग, काढून देतात. नवे औषध दाखल करावयाचे असेल तर ते दोन्हीकडे मसुदा म्हणून ठेवता येते. इतपत माहिती संकेतस्थळ बांधून देणारा कोणीही देईल. आम्हांस सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे आहे, कारण खरी फसगत तेथे होते.

प्रिव्ह्यू प्रामुख्याने रूप दाखवितो. शॉपिफायच्या अप्रकाशित थीममध्ये रंग, मथळे, चित्रांची जागा हे सारे सुरक्षितपणे बदलता येते; परंतु औषधाची किंमत, वर्णन आणि साठा ही माहिती थीममध्ये राहत नाही. ती एकाच ठिकाणी असते आणि चालू थीम व तिची प्रत दोघीही तेथूनच ती घेतात. म्हणून 'मी तर प्रतीवर काम करीत आहे' अशा समजुतीने कोणी विक्रीस असलेल्या औषधाची किंमत बदलली, तर ती त्याच क्षणी खऱ्या दुकानातही बदलते. वूकॉमर्समध्ये आधीच प्रकाशित झालेल्या औषधाच्या वर्णनातील फेरफार प्रिव्ह्यूत दिसतात, पण किमतीचे व साठ्याचे फेरफार त्यात भरवशाने दिसत नाहीत. तात्पर्य, मांडणीची परीक्षा प्रिव्ह्यूवर होऊ शकते. आकड्यांची परीक्षा संपूर्ण प्रतीवर, खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊनच करावी लागते.

याचे ताजे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ग्रंथोक्त पाठाने व ग्रंथोक्त नावानेच विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांवर त्यापूर्वीही ५ टक्के कर होता. स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रोप्रायटरी औषधांवरील १२ टक्के कर त्या दिवशी ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्या दुकानात दोन्ही प्रकारची औषधे शेजारी शेजारी मांडलेली होती, त्यांना एका रात्रीत काहींचे दर बदलावयाचे आणि काहींना हातही लावावयाचा नव्हता. आता येथील मेख पाहा. वूकॉमर्समध्ये किंमत करासह भरलेली असेल, तर कराचा दर १२ वरून ५ केला तरी ग्राहकाने द्यावयाची एकूण रक्कम सामान्यतः तशीच राहते. बदलते ती केवळ आतली फोड. म्हणजे करकपातीचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही, आणि औषधाच्या पानाकडे कितीही निरखून पाहिले तरी काही चुकले आहे असे वाटत नाही. किंमत करविरहित भरलेली असेल तर एकूण रक्कम आपोआप उतरते. आपल्या दुकानात यांपैकी कोणती पद्धत आहे, हे चाचणी-प्रतीवर एक खोटी मागणी नोंदवून पावती पाहिल्यावाचून नक्की सांगता येत नाही. कराचे दर पुन्हा केव्हातरी बदलतीलच. त्या वेळी ही पावती आदल्या आठवड्यातच काढून आपल्या हिशेबनिसांस दाखवावी.

चाचणी-प्रत काढणे म्हणजेही काही पथ्ये आली. प्रतीत ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांनी मागविलेली औषधे यांची नक्कल होते. कोणी कोणते औषध घेतो यावरून त्याचा व्याधी ओळखता येतो, हे वैद्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणून ती प्रत संकेतशब्दाने बंद असावी आणि शोधयंत्रांना तिची नोंद घेण्याची मनाई असावी. पैसे स्वीकारणारी सेवा चाचणी-अवस्थेत ठेवावी; रेझरपेसारख्या सेवांत चाचणीची व प्रत्यक्ष व्यवहाराची किल्ली वेगवेगळी असते. ईमेल व एसएमएस बंद करावेत, नाहीतर खोट्या मागणीचा निरोप खऱ्या रुग्णास जातो आणि तो बिचारा 'मी हे मागविलेच नव्हते' म्हणून दूरध्वनी करीत बसतो. सर्वांत मोठा धोका परतीच्या वाटेवर आहे. चाचणी पूर्ण झाल्यावर प्रतीचा माहितीसाठा जसाच्या तसा खऱ्या दुकानावर चढविला, तर मधल्या दोन-तीन दिवसांत आलेल्या मागण्या पुसल्या जातात. पैसे आपल्या खात्यात जमा झालेले असतात, पण कोणाला काय पाठवायचे याचा मागमूस उरत नाही. तंत्रज्ञाकडून हे काम करवून घेताना हा एक प्रश्न आधीच विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

हे झाले दुकानदारीचे. आता वैद्याने काय पाहावे याकडे वळतो.

आमच्या परिचयातील एका औषधालयाने संकेतस्थळाची मांडणी बदलली. मालकाने ती कार्यालयातील मोठ्या पडद्यावर पाहिली. सारे नेटके होते. औषधांच्या माहितीसाठी चार रकान्यांचा सुबक तक्ता केला होता : कल्प, मात्रा, काल, अनुपान. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्यातील शेवटचे दोन रकाने कडेबाहेर गेले, आणि बोटाने सरकविल्यावाचून ते दिसेनात. एका रुग्णाच्या मुलाने दूरध्वनी करून विचारले, "वडिलांना हे नुसत्या पाण्याबरोबर दिले तर चालेल ना? पानावर काहीच लिहिलेले नाही." औषध भल्लातकाचा कल्प होते. वैद्यांनी ते तूप व दुधासह घेण्यास सांगितले होते. चिठ्ठी हरवली म्हणून मुलगा पान वाचीत होता. त्याने विचारले म्हणून निभावले. भल्लातक स्नेहाविना दिल्यास काय होते हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम १६१ नुसार अनुसूची ई(१) मधील द्रव्य असलेल्या औषधाच्या लेबलावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापावी लागते. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, विषमुष्टी, जयपाल, पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला ही द्रव्ये त्या सूचीत आहेत. त्रिभुवनकीर्तीसारखा नित्य वापरातील रसकल्पही हिंगूळ व वत्सनाभामुळे त्यात येतो. अशी औषधे ऑनलाइन विकताना ग्राहकाने नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी आधी चढविली पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले आहे. मांडणी बदलली की नेमक्या याच दोन गोष्टी हरवतात : सूचना एखाद्या मिटलेल्या पट्टीत जाऊन बसते, आणि चिठ्ठी चढविण्याची चौकट नव्या थीममध्ये उमटतच नाही. मालक आपल्या खात्यात प्रवेश करून पाहतो तेव्हा त्याला दुकान वेगळे दिसू शकते. म्हणून परीक्षा करताना खात्यातून बाहेर पडावे, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी आणि परक्या ग्राहकाप्रमाणे एक सूचीतील औषध मागवून पाहावे. चिठ्ठीवाचून मागणी पुढे गेली, तर ती मांडणी प्रकाशित करण्यास योग्य नाही. मराठी ग्राहकासाठी ही सूचना मराठीतही असावी, असे आमचे मत आहे.

मराठी मजकुराचे एक स्वतंत्र दुखणे आहे. आपली माहितीपत्रके वर्षानुवर्षे छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळविली गेली. तो मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटविला की ग्राहकास रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक काला दिसतो. मालकाच्या संगणकावर तोच फाँट असल्यास त्याला कधीकधी सारे ठीकच दिसते! युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावरही जोडाक्षरे, रफार आणि आकडे नजरेखालून घालावेत. मि.ग्रॅ. मधील 'मि.' गळाला तर १२५ मि.ग्रॅ. ची एक गुंजा सव्वाशे ग्रॅम होते. हे वाचन तंत्रज्ञाकडे सोपवू नये. त्याला गुंजा माहीत असण्याचे कारण नाही.

१९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचाही येथे विचार करावा लागतो. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, हृद्रोग, स्थौल्य, रक्तदाब इत्यादी व्याधी आहेत, आणि त्यांच्यावरील उपचाराची जाहिरात निषिद्ध आहे. वर्णनात आपण सांभाळून लिहितो. पण नव्या थीममध्ये औषधांचे गट मथळ्याच्या आकारात झळकू लागतात आणि 'मधुमेहावरील औषधे' असा कोणीतरी पूर्वी सोयीसाठी केलेला गट पहिल्या पानावर येतो. शोधयंत्रात दिसणाऱ्या दोन ओळी आणि चित्रामागे दडलेला पर्यायी मजकूर हीही तपासण्याची स्थळे होत. ग्राहकांचे अभिप्राय नव्या मांडणीत वरच्या भागात येत असतील, तर तेही वाचून घ्यावेत.

लहान औषधालयांना संपूर्ण चाचणी-प्रतीचा खर्च परवडत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी किमान एवढे करावे : जुना मजकूर व जुने दर वेगळ्या फाइलमध्ये जतन करावेत. बदल वर्दळ नसलेल्या वेळी करावा आणि लगेच दोन निरनिराळ्या मोबाइलवर, त्यांपैकी एक स्वस्तातला असावा, पान उघडावे. जुनेच पान दिसत असेल तर साठवणीतील प्रत पुसून पुन्हा पाहावे. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विक्री करणाऱ्यांच्या हाती यातील फारच थोडे असते. तेथे पान प्रकाशित होताच ग्राहक होऊन वाचणे एवढाच मार्ग आहे.

अनुसूची टी नुसार प्रत्येक घाण्याची नोंद औषधनिर्मात्यांकडे असतेच. तिच्याच शेजारी एक साधी वही ठेवावी : दिनांक, कोणत्या औषधाच्या पानावर काय बदलले, मोबाइलवर कोणी पाहिले, चाचणीची मागणी रद्द करून साठा पूर्ववत केला की नाही, आणि मात्रा व अनुपान वाचणाऱ्या वैद्यांची सही.