मॉस्कोचे मानेझ

मॉस्को शहरात क्रेमलिन नावाचा प्रसिद्ध किल्ला आहे. किल्ल्याच्या तटाला लागून एक बाग आहे आणि बागेजवळच पांढऱ्या खांबांची एक लांबच लांब इमारत उभी आहे. तिचे नाव मानेझ. आज तेथे चित्रांची आणि इतर वस्तूंची प्रदर्शने भरतात. परंतु ज्यांनी ती बांधली, त्यांच्या मनात चित्रे मुळीच नव्हती. त्यांच्या मनात शिपाई आणि घोडे होते.

'मानेझ' हा शब्द रशियन भाषेने फ्रेंचमधून घेतला. घोड्याला चाल शिकवण्याची आणि स्वाराला बैठक शिकवण्याची जागा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडची पागा तुम्हांला ठाऊक असेल. पागेत घोडे बांधतात. मानेझमध्ये घोडे बांधत नसत, फिरवत असत. आता कोणी विचारील, घोडा फिरवायला छप्पर कशाला हवे? मैदान पुरे नाही का? पण मॉस्कोचा हिवाळा चार-पाच महिन्यांचा. जमीन बर्फाने झाकलेली, थंडी हाडे गोठवणारी. अशा दिवसांत फौजेची कवायत उघड्यावर घेणे कठीण.

1812 साली नेपोलियनने मॉस्को घेतले. त्या वेळी शहराचा मोठा भाग जळून गेला. पुढे नेपोलियनला माघार घ्यावी लागली. या विजयाला पाच वर्षे झाली, तेव्हा 1817 साली झार अलेक्झांडर पहिला याच्या आज्ञेने ही इमारत काही महिन्यांतच उभी करण्यात आली. तिचा आराखडा बेतांकुर या स्पॅनिश इंजिनिअरने केला होता.

बेतांकुरपुढे मोठा पेच होता. भरधाव घोड्याच्या वाटेत खांब येऊन कसे चालेल? म्हणून आत एकही खांब नको होता. पण दालनाची रुंदी सुमारे 45 मीटर आणि लांबी दीडशे मीटरांहून अधिक! एवढे छप्पर नुसत्या दोन बाजूंच्या भिंतींवर कसे पेलायचे?

त्याने लाकडी कैच्यांचा उपयोग केला. तुळया त्रिकोणात जोडून जो सांगाडा तयार होतो, त्याला सुतार 'कैची' म्हणतात. तुम्ही घरी एक प्रयोग करून पाहा. चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि तीन काड्यांचा त्रिकोण करा. आता दोन्ही हळूच दाबा. चौकोन लगेच तिरपा होईल. त्रिकोण आपला आकार सोडणार नाही. असे अनेक त्रिकोण एकमेकांना जोडले, की छपराचा भार कैचीतून दोन्ही टोकांच्या भिंतींवर उतरतो आणि मधली जागा मोकळी राहते. तरी 45 मीटर म्हणजे गंमत नव्हे. काही वर्षांतच छताने कुरकुर सुरू केली आणि 1823-24 मध्ये कैच्या नव्याने बसवाव्या लागल्या. कसर लागू नये, उंदीर येऊ नयेत म्हणून माळ्यावर तंबाखू पसरून ठेवत, असेही सांगतात. 1825 साली बोव्हे या वास्तुशिल्पकाराने इमारतीची बाहेरची सजावट पूर्ण केली.

घोड्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा माणसांनाही उपयोगी पडली. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ मॉस्कोत आला, तेव्हा त्याचे संगीत ऐकायला येथे दहा हजारांहून अधिक श्रोते जमले होते. 1917 च्या क्रांतीनंतर मात्र या देखण्या दालनात सरकारी मोटारी ठेवू लागले. घोडे गेले, मोटारी आल्या. मोटारी गेल्या त्या 1957 साली. तेव्हा ही इमारत शहराचे प्रदर्शनगृह झाली.

येथील सर्वांत गाजलेला दिवस 1 डिसेंबर 1962. मॉस्कोच्या चित्रकारांच्या संघाला तीस वर्षे झाली, म्हणून मोठे प्रदर्शन भरले होते. वरच्या मजल्यावर काही तरुण कलावंतांची नव्या पद्धतीची चित्रे व शिल्पे ऐन वेळी मांडण्यात आली होती. देशाचे प्रमुख ख्रुश्चेव्ह ती पाहायला आले. पाहता पाहता त्यांचा पारा चढला आणि त्यांनी कलावंतांना सर्वांसमक्ष शिवीगाळ केली. त्या काळी सरकारच्या प्रमुखाला उलट उत्तर देणे म्हणजे आपल्या पोटावर पाय आणून घेणेच. तरीही एर्न्स्त निझ्वेस्त्नी हा मूर्तिकार गप्प बसला नाही. महायुद्धात जबर जखमी झालेला तो माजी सैनिक ख्रुश्चेव्ह यांच्याशी तोंडावर वाद घालत राहिला. त्यानंतर वर्तमानपत्रांतून नव्या कलेवर टीकेची झोड उठली आणि अशा कलावंतांना प्रदर्शनांची दारे बंद झाली.

1964 साली ख्रुश्चेव्ह यांची सत्ता गेली आणि 1971 साली ते वारले. त्यांच्या कबरीवरील स्मारक कोणी घडवावे? कुटुंबीयांनी हे काम निझ्वेस्त्नीलाच सांगितले आणि त्याने ते केले. एकमेकांत गुंतलेले पांढरे आणि काळे दगड व मध्ये ख्रुश्चेव्ह यांचा चेहरा, असे ते स्मारक मॉस्कोच्या नोवोदेविची कबरस्तानात आहे. मला तर मानेझमधल्या त्या भांडणाचे याहून चांगले उत्तर सुचत नाही.

14 मार्च 2004 च्या रात्री मानेझला आग लागली. सुके जुने लाकूड भराभर पेटले, छप्पर कोसळले आणि दोन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. सकाळी उरल्या होत्या त्या केवळ भिंती. वर्षभरात इमारत पुन्हा उभी राहिली आणि 2005 साली उघडली. या वेळी जमिनीखालीही खोदून जागा वाढवली. जुन्या वास्तूंची काळजी वाहणाऱ्यांना ते रुचले नाही आणि त्यांची तक्रार रास्तच होती. कैच्या मात्र पुन्हा लाकडाच्याच केल्या आहेत. चित्रे पाहायला गेलेल्या माणसाने मान वर केली, की डोक्यावर त्यांचे त्रिकोण एका ओळीत दूरवर गेलेले दिसतात.