प्रकाशकक्षातील सोयाबीन : दिव्याची निवड पिकाच्या गरजेनुसार

जबलपूर येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने विकसित केलेले ‘जे.एस. ३३५’ हे सोयाबीनचे वाण १९९४ मध्ये प्रसारित झाले आणि पाहता पाहता विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांत रुजले. त्यातील ‘जे.एस.’ म्हणजे ‘जवाहर सोयाबीन’. तीन दशकांनंतरही त्याचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. परंतु पिवळ्या मोझॅकसारख्या रोगांपुढे ते टिकाव धरत नाही. नवी, रोगप्रतिकारक वाणे लवकर हाती येणे ही म्हणूनच निकडीची बाब आहे. संकरानंतर वाण स्थिर होण्यास साधारण पाच-सहा पिढ्या जाव्या लागतात आणि शेतात वर्षाकाठी एक, फार तर दोन पिढ्या मिळतात. बंदिस्त कक्षात कृत्रिम प्रकाशावर पीक घेतल्यास हा काळ कमी करता येतो. मात्र तेथे दिव्याची निवड चुकली, तर वाचवायला निघालेला वेळच वाया जातो.

प्रथम कालावधी

दिवा किती वॅटचा, याआधी तो किती तास लावायचा, हे ठरवावे. गव्हासारख्या दीर्घदिनी पिकात रोज २२ तास प्रकाश देऊन वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत मजल मारता येते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. हीच पद्धत सोयाबीनला लावल्यास पीक हिरवेगार वाढेल, पण फुलोरा लांबेल. कारण सोयाबीन हे अल्पदिनी पीक आहे. अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलर्ड यांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्याशी असलेला संबंध मांडला, तो तंबाखूबरोबरच ‘बिलॉक्सी’ या सोयाबीन वाणाच्या निरीक्षणांवरून.

जबलपूर कर्कवृत्ताच्या जवळ आहे. तेथे जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये पावणेअकरा तासांचा असतो. प्रकाशकक्षात सोयाबीनला सुमारे १० तास प्रकाश आणि उरलेला वेळ अखंड अंधार मिळाला पाहिजे. ‘अखंड’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मध्यरात्री काही मिनिटे पडलेला तांबडा किंवा पांढरा प्रकाशही फुलोरा रोखू शकतो. हरितगृहातील शेवंतीचा फुलोरा लांबविण्यासाठी रात्री दिवे लावतात, त्यामागील तत्त्व हेच. म्हणून दाराच्या फटीतून येणारा व्हरांड्यातील उजेडही बंद करावा.

नंतर प्रमाण

बाजारातील दिव्यांवर ल्युमेन छापलेले असतात. हे माप माणसाच्या डोळ्याचे आहे. वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात व त्याचे माप प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद मायक्रोमोलमध्ये होते. योग्य मापक नसल्यास पांढऱ्या एलईडीखालील लक्सचा आकडा सुमारे ७० ने भागून ढोबळ अंदाज घेता येतो. जांभळ्या दिव्यांना मात्र हे गणित लागू पडत नाही. मोजणी दिव्यापाशी न करता झाडाच्या शेंड्यापाशी, तीही मध्यभागी व कडेला अशी दोन्हीकडे करावी.

शेवटी वर्ण

जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सोयाबीनसाठी एलईडीची प्रकाशयोजना प्रसिद्ध केली. १० तासांचा प्रकाश, त्यात निळ्याचे प्रमाण अधिक आणि तांबड्यापलीकडील ‘दूरतांबडा’ प्रकाश वगळलेला, अशी ती योजना होती. झाडे बुटकी व दणकट राहिली, सुमारे २३ दिवसांत फुलली आणि ७७ दिवसांत काढणीस आली. म्हणजेच वर्षाला पाच पिढ्यांपर्यंत शक्यता निर्माण झाली. दूरतांबड्या प्रकाशाने सोयाबीनच्या फुलोऱ्यात फरक पडला नाही. भाताच्या काही वाणांत मात्र फुलोरा २० दिवसांपर्यंत अलीकडे आला. एका पिकासाठी उत्तम ठरलेला दिवा दुसऱ्यासाठी तसाच ठरेल असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल, एक चौरस मीटर जागेवर ४०० मायक्रोमोल प्रकाश हवा आहे आणि दिवा प्रत्येक ज्यूल विजेमागे २.५ मायक्रोमोल देतो असे मानू. तेव्हा १६० वॅट लागतील; १० तासांना १.६ युनिट, तर ७७ दिवसांच्या एका पिढीस सुमारे १२३ युनिट. काही प्रकाश भिंतींवर वाया जातो, त्यामुळे प्रत्यक्ष वापर याहून अधिकच होईल. शिवाय दिव्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर कक्षात उष्णता म्हणून उरते. जबलपूर असो वा नागपूर, मे महिन्यात बाहेर ४० अंशांहून अधिक तापमान असताना ही उष्णता बाहेर काढण्याचा खर्चही हिशेबात धरावा.

दिवे खरेदी करताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : प्रति ज्यूल मायक्रोमोल, वर्णपटाचा आलेख आणि प्रकाश कमी-अधिक करण्याची सोय. पूर्ण कक्ष सजविण्यापूर्वी एका कप्प्यात आपल्याच वाणांची मोजकी झाडे बियाण्यापर्यंत वाढवून पाहावीत. फुलोऱ्याचा दिवस, झाडाची उंची आणि उगवणक्षम बियांची संख्या या तीन नोंदी दिव्याची पारख करण्यास पुरेशा आहेत.