बेरियमचा घोट

गतवर्षी आमच्या आत्याबाईंच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. आरंभी त्यांनी हे कोणासही सांगितले नाही. पानात बाफले वाढले की त्या ‘आज उपवास आहे’ म्हणत आणि पातळ वरण पिऊन उठत. असे उपवास फार होऊ लागले, तेव्हा घरात शंका आली. पुढे पाणीसुद्धा छातीत अडू लागले. रात्री निजल्यावर खाल्लेले अन्न तोंडात परत येई. कर्करोगाचे नाव कोणी घेतले नाही. मनात मात्र प्रत्येकाच्या तेच होते.

येथील, म्हणजे उज्जैनच्या, डॉक्टरांनी प्रथम दुर्बीण घालून अन्ननलिका तपासली. गाठ वा व्रण आढळला नाही. ‘आता बेरियम पाजून फोटो काढू,’ असे ते म्हणाले. हे ऐकताच आमच्या धाकट्या बंधूंनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले व बेरियमचे क्षार विषारी असतात, हे वाक्य मोठ्याने वाचून दाखविले. मग काय विचारता! आत्याबाईंनी तपासणीस जाण्याचे साफ नाकारले.

बंधूंचे वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. बेरियम कार्बोनेट हे खरोखरच विष असून उंदीर मारण्यासाठी त्याचा उपयोग होत आलेला आहे. जठरातील आम्लात ते विरघळते, रक्तात मिसळते आणि स्नायूंवर व हृदयावर घाला घालते. बेरियम सल्फेटची गोष्ट निराळी. एक लिटर पाण्यात ते जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते, आणि जठरातील आम्लालाही दाद देत नाही. जे विरघळत नाही ते रक्तात जाणार कसे? ते तोंडातून शिरते आणि जसेच्या तसे शरीराबाहेर पडते. मात्र ते शुद्धच असावे लागते. २००३ साली ब्राझीलमध्ये कार्बोनेटची भेसळ असलेले सल्फेट रुग्णांना पाजले गेले आणि त्यात कित्येकांचे प्राण गेले.

आता बेरियमच का? आपल्या गावच्या वेधशाळेत सम्राटयंत्राच्या भिंतीची सावली पाहून आपण वेळ सांगतो. क्ष-किरणांचे चित्र ही देखील एक सावलीच होय. राँटजेन यांनी १८९५ साली जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे हे किरण शोधले, तेव्हा हाडांची सावली पडते व मांसाची फारशी पडत नाही, हे लगेच ध्यानात आले. हाडांत कॅल्शियम असते. त्याचा अणुक्रमांक २०. मांसात मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन असे हलके अणू असतात. अणू जितका जड, तितके किरण अधिक अडतात. अन्ननलिका मांसाचीच असल्याने ती एरवी चित्रात उठून दिसत नाही. बेरियमचा क्रमांक ५६. त्याचा घोट नलिकेतून उतरू लागला की तिचा आकार स्पष्ट होतो. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन नावाच्या विद्यार्थ्याने १८९६ च्या सुमारास प्राण्यांना बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न खाऊ घालून गिळण्याची क्रिया पाहिली. पण बिस्मथमुळे काही रुग्णांस विषबाधा झाली आणि १९१० पासून बेरियम सल्फेट प्रचारात आले.

एवढे सांगितल्यावर आत्याबाई तयार झाल्या. रात्रीपासून काही खायचे नाही, अशी सूचना होती. उपवासाची त्यांना सवय होतीच! त्यांना यंत्रापुढे उभे केले आणि हाती खडू कालवल्यासारख्या पांढऱ्या, दाट द्रवाचा पेला दिला. ‘माँजी, मुँह में रखिए... अब निगलिए,’ डॉक्टर म्हणाले. पडद्यावर हलते चित्र दिसू लागले.

निरोगी माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. घास तिच्यातून केवळ वजनाने पडत नाही. स्नायूंची लाट त्याला काही सेकंदांत खाली ढकलते. नलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक कडे असते. ते घासासाठी उघडते व पुन्हा मिटते. आत्याबाईंच्या चित्रात लाट नव्हतीच. पांढरा स्तंभ जागच्या जागी उभा होता. वर नलिका फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती. त्या चोचीतून बेरियम थेंबाथेंबाने उतरत होते. या विकारास अ‍ॅकॅलेशिया म्हणतात. नलिकेच्या भिंतीतील मज्जापेशी नष्ट झाल्याने कडे उघडतच नाही.

१६७४ साली इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी अशाच एका रुग्णासाठी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून त्याने अन्न खाली ढकलण्याची युक्ती काढली होती. आज ते कडे फुग्याने ताणतात किंवा शस्त्रक्रियेने छेदतात. ही शस्त्रक्रिया हेलर यांनी १९१३ साली प्रथम केली. २००८ पासून जपानच्या इनोऊए यांच्या पद्धतीने ती तोंडावाटे दुर्बिणीनेही होते. नष्ट झालेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

तपासणीनंतर दोन दिवस शौचास पांढरे होते. भ्यायचे कारण नाही, पण पाणी भरपूर प्यावे, नाहीतर बेरियम आतड्यात घट्ट बसते. नलिकेस छिद्र पडल्याचा संशय असल्यास सहसा प्रथम बेरियमऐवजी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव देतात. आणि गर्भवती स्त्रीने आपली अवस्था आधीच सांगावी, कारण किरणांची मात्रा थोडी असली तरी गर्भास ती टाळणेच बरे.

आत्याबाईंचे कडे इंदूरला फुग्याने ताणले. अजून त्या घास बराच वेळ चावतात, वर पाणी पितात आणि उशा उंच करून निजतात. परवाच्या रविवारी त्यांनी तुपात बुडविलेला अर्धा बाफला मागून घेतला.