मेंढीच्या कातड्याची ऊब आणि श्रावकाचा विवेक

मार्गशीर्ष-पौषातील पहाटे तेरणेच्या काठावर धुके उतरते, तेव्हा तेर गावातील दिगंबर जैन मंदिराच्या पायऱ्याही गार पडलेल्या असतात. अभिषेकासाठी लवकर येणाऱ्या श्रावकाला त्या वेळी अंगावर काहीतरी उबदार हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. गेल्या काही वर्षांत शहरातील दुकानांतून आणि मोबाईलवरील जाहिरातींतून ‘शिअरलिंग जॅकेट’ नावाची महागडी वस्तू घराघरांत चर्चेला आली आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी किंवा शिक्षणासाठी परदेशी निघालेली मुले ती मागतात. ‘एकदाच घ्यायचे, आयुष्यभर टिकते’ असा त्यामागचा युक्तिवाद असतो. हे जॅकेट घ्यावे की नाही, हा प्रश्न दिसतो पैशाचा. परंतु जैन घरात तो तेवढ्यावर थांबत नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे, हे नीट जाणून घेतले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी असते की शिअरलिंग म्हणजे लोकरीचाच एक भारी प्रकार. तसे नाही. लोकर ही जिवंत मेंढीच्या अंगावरून कातरली जाते आणि मेंढी पुन्हा चरायला जाते. शिअरलिंग म्हणजे मेंढीचे किंवा कोकराचे संपूर्ण कातडे, त्यावरील आखूड लोकरीसह कमावलेले. लोकरीची बाजू आत आणि कातड्याची बाजू बाहेर ठेवून त्याचे जॅकेट शिवतात. कातडे काढायचे म्हणजे प्राणी जिवंत राहत नाही. अशा एका जॅकेटला सहसा एकाहून अधिक प्राण्यांची कातडी लागतात.

त्याची ऊब खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, ती स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि बाहेरचे कातडे वारा अडवते. म्हणूनच 1930 नंतरच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेच्या वैमानिकांना अशी जॅकेटे दिली गेली. त्या काळची विमाने आतून गरम केलेली नसत आणि उंचावर तापमान शून्याखाली कितीतरी अंश घसरत असे. त्या गरजेतून आलेला पोशाख पुढे चित्रपटांतून आणि दुकानांतून शोभेचा झाला.

आता तेरची थंडी पाहू. बालाघाटाच्या पठाराच्या या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणपणे 12 ते 15 अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली तर ते 10 अंशांच्या खाली जाते. मात्र दुपारी ऊन चांगलेच तापते. म्हणजे पहाटेचे दोन-तीन तास आणि रात्रीचा थोडा वेळ, तोही वर्षातील फार तर दीड-दोन महिने. एवढ्यासाठी जड कातडी जॅकेट घेणे हा साध्या व्यवहारानेही अतिरेकच होय. पावसाळ्यात दमट कपाटात कातड्याला बुरशी धरते, लोकरीला कसर लागते, आणि ते घरी धुता येत नाही. शिवाय कातडी पट्टा, पाकीट मंदिराबाहेर ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. ज्या पहाटेच्या दर्शनासाठी ऊब हवी, त्या दर्शनालाच हे जॅकेट उतरवून ठेवावे लागेल.

परंतु मुख्य प्रश्न अहिंसेचा आहे. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. स्वयंपाक, शेती, घरबांधणी यांत होणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. तेथे यत्नाचार हाच मार्ग. जाणूनबुजून त्रस जीवाचा घात करणे ही मात्र संकल्पी हिंसा, आणि तिचा त्याग ही अहिंसाणुव्रताची पहिली पायरी. ‘आम्ही कुठे मारले? आम्ही तर फक्त विकत घेतले,’ हे उत्तर येथे पुरत नाही. कारण तत्त्वार्थसूत्राने कर्माच्या आस्रवाचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमत असे तिन्ही धरले आहेत. मेंढी हा पंचेंद्रिय जीव आहे. तिचे कातडे आवडीने निवडून, किंमत मोजून अंगावर घालणे हे अनुमोदनेपासून वेगळे काढता येत नाही. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याचा निषेध करताना पूर्वाचार्यांनी केवळ हस्तिदंताचाच नव्हे, तर कातडे, केस, नखे यांच्या व्यापाराचाही विचार केला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : मेंढी मांसासाठी मारलीच जाते, कातडे वाया जाण्यापेक्षा वापरलेले काय वाईट? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पुष्कळ कातडी खरोखरच मांसाच्या व्यवसायातून येतात. पण कातड्याला किंमत मिळते, म्हणजे त्या व्यवसायाच्या मिळकतीत ती भर पडते. महागड्या जॅकेटाचा ग्राहक हा त्या साखळीचा एक आधार असतो. आणि काराकुल जातीच्या कोकरांच्या बाबतीत तर हा आक्षेपही उभा राहत नाही. तेथे नवजात कोकराचे कुरळे कातडे हाच मुख्य माल असतो.

मग लोकर तरी निर्दोष आहे का? प्रामाणिकपणे सांगायचे तर पूर्णपणे नाही. लोकर देणारी मेंढी म्हातारी झाली की तिची वाटही बहुधा कसायाकडेच जाते. म्हणून काही श्रावक लोकरही वर्ज्य करतात. तरीही धनगराच्या हातची घोंगडी आणि कातडी जॅकेट यांत फरक आहे : एकीत कातरलेले केस आहेत, दुसऱ्यात काढलेले कातडे. ज्याला जेवढे व्रत झेपते, तेवढे त्याने घ्यावे. मात्र हा फरक पुसून टाकू नये.

तेरच्या लोकांना कापसाची महती वेगळी सांगायला नको. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तगर नगराचा उल्लेख आहे. तेथून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जात, असे त्यात नमूद आहे. ते तगर म्हणजेच आजचे तेर. ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर म्हणून ज्याचे नाव येते, तेही हेच गाव मानले जाते. ज्या गावाचे सुती कापड समुद्रापार गेले, तेथे जुन्या लुगड्यांची गोधडी, कापूस भरलेली बंडी आणि त्यावर सुती शाल एवढ्यात हिवाळा सहज निघतो. ऊब देते ती अडकलेली हवा. म्हणून एका जाड वस्त्रापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात.

कॅनडासारख्या देशात जाणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. तेथे उणे वीस-तीस अंशांत खरेच संरक्षण लागते, आणि त्याबाबत हयगय करू नये. पण तेथेही कातड्याविना भागते : आत अंगासरशी उबदार बनियन, मध्ये फ्लीस, आणि बाहेर कृत्रिम तंतूंचे भरण असलेले वारारोधक जॅकेट. ‘डाऊन’ लिहिलेल्या जॅकेटात बदक-हंसांची पिसे असतात, हे ध्यानात ठेवावे. ‘शेर्पा’ किंवा ‘फॉ शिअरलिंग’ म्हणून मिळते ते बहुधा पॉलिएस्टर असते. खात्रीसाठी लव बाजूला करून तळ पाहावा. तळाशी विणलेले कापड दिसले तर ते कृत्रिम, सलग कातडे दिसले तर खरे. पॉलिएस्टरचे बारीक तंतू धुताना पाण्यात मिसळतात, म्हणून तेही एकच घ्यावे आणि पुष्कळ वर्षे वापरावे. परिग्रहपरिमाणाचे व्रतही तेच सांगते.

आपल्या आर्यिका माताजी एका पांढऱ्या सुती साडीत हिवाळा काढतात आणि मुनिमहाराज तर वस्त्राविना शीतपरीषह सहन करतात. गृहस्थाकडून तेवढी अपेक्षा कोणी करीत नाही. थंडीपासून शरीर राखणे हा गृहस्थाचा हक्क आहे. फक्त ती ऊब दुसऱ्या पंचेंद्रिय जीवाच्या अंगावरून उतरवलेली नसावी, एवढे तरी प्रत्येक जैन घराला सहज पाळता येण्यासारखे आहे. शिअरलिंग जॅकेटाचे पैसे वाचले, तर त्यांत गावातील कितीतरी गरजू वृद्धांसाठी चादरी आणि गोधड्या येतील.