गल्ला दुकानाचा, खर्च घराचा

व्यापाऱ्याच्या घरी घरखर्चाचा हिशेब राहत नाही, असे आम्ही म्हटले तर सभासद बंधूंना ते रुचणार नाही. हिशेब हा तर आपल्या हाडीमांसी खिळलेला विषय! रोजकीर्दीत एका रुपयाचा फरक राहिला, तर तो सापडेपर्यंत दुकानातील दिवा न मालवणारी माणसे आपण. परंतु त्याच रोजकीर्दीत, सायंकाळी गल्ल्यातून काढून घरी नेलेल्या रकमेची ओळ कितीजणांच्या वहीत आढळेल? पुष्कळदा ती रक्कम उचंत खात्यात पडून राहते. पुष्कळदा ती लिहिलीच जात नाही.

नोकरदाराला या बाबतीत एक मोठी सोय आहे. त्याच्या हाती पडणारा आकडा ठरलेला असतो आणि त्याचे अंदाजपत्रक चुकले, तर महिन्याच्या पंचवीस तारखेस खिसाच त्याला तसे सांगतो. व्यापाऱ्याचा खिसा असे कधी सांगत नाही, कारण गल्ला रोज भरतो. भरलेला गल्ला म्हणजे मिळकत नव्हे, हे आपणांस ठाऊक नाही असे नाही. तथापि घरून निरोप आला की हात गल्ल्यातच जातो.

एका किराणा दुकानाचा काल्पनिक हिशेब मांडून पाहू. रोजची विक्री २०,००० रुपये आणि तीवर शेकडा ८ प्रमाणे सुटणारे १,६०० रुपये. त्यातून दुकानभाडे, नोकरांचे पगार, वीज, हमाली व व्याज मिळून ९०० गेले, म्हणजे मालकाचे खरे उरले ७००. आता घराची उचल रोज १,००० आहे असे धरा. तूट अवघी ३०० रुपयांची! वीस हजारांच्या गल्ल्यात ती कोणाच्या नजरेस येणार? परंतु महिन्यास ती ९,००० होते आणि वर्षास १,०८,०००. बरे, ही तूट लगेच कोठे दुखतही नाही, कारण दुकानात तीस दिवसांच्या उधारीवर आलेला सुमारे साडेपाच लाखांचा माल फिरत असतो. घाऊक व्यापाऱ्याचा पैसा चुकता होण्याआधी नवा माल येतो, जुने देणे नव्या विक्रीतून भागते आणि सारे सुरळीत चालल्याचा भास होतो. पाच वर्षांत घराने दुकानाचे ५,४०,००० रुपये खाल्लेले असतात, म्हणजे जवळजवळ ती संपूर्ण उधारीच. मग एखाद्या सणाच्या हंगामात घाऊक व्यापारी हात आखडता घेतो आणि फळ्या रिकाम्या दिसू लागतात. लोक म्हणतात, धंदा बसला. किंबहुना धंदा चांगलाच चालू होता. तो घराने बसविला.

पूर्वी निदान गल्ला डोळ्यांस दिसे. मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली आली, ती सोयीची खरीच. परंतु ज्या खात्यात गिऱ्हाइकाचे पैसे येतात त्याच खात्यातून भाजी, शिकवणीची फी आणि हॉटेलचे बिलही जाऊ लागले. वर्षअखेरीस हिशेबनिसाने यादी समोर ठेवली म्हणजे मालकालाच आठवत नाही की अमुक ओळ दुकानाची की घराची. प्राप्तिकराचा कायदा मालकाचा खाजगी खर्च धंद्याच्या खर्चांत धरू देत नाही. दुकानातून घरी नेलेल्या मालाचेही तसेच आहे: घरच्या उपभोगासाठी वापरलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट वस्तू व सेवा कराच्या कायद्यात मिळत नाही. म्हणून घरी गेलेला साखरेचा कट्टाही खरेदीदराने उचलीस नावे पडला पाहिजे. ‘आपल्याच दुकानातला आहे’ हे उत्तर वहीत चालत नाही.

आमच्या समाजातील एका थोर व्यापारी लेखकाचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. जौनपुरात १५८६ साली जन्मलेल्या कवी बनारसीदासांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. आग्र्यातील व्यापार बुडाल्यावर एका कचोरीवाल्याने त्यांना कित्येक महिने उधारीवर जेवू घातले. पुढे दिवस पालटले तेव्हा त्यांनी ते बिल फेडले, आणि त्याचा आकडाही नोंदवून ठेवला: चौदा रुपये. जवाहिऱ्यांच्या उलाढालीची हकीकत सांगणाऱ्या ग्रंथात कचोऱ्यांचे चौदा रुपये वेगळे लिहिण्याजोगे वाटावेत, यात आम्हांस खरा व्यापारी दिसतो.

परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. तत्त्वार्थसूत्रात त्याचे अतिचार सांगताना जमीन, घर, सोने, धन, धान्य यांची नावे घेऊन, ठरविलेल्या प्रमाणाचे उल्लंघन हा दोष म्हटला आहे. प्रमाण ओलांडले की नाही हे कळण्यास ते आधी आकड्यात बांधलेले असावे लागते. व्रत घेणाऱ्याने मोजणे टाळले, तर त्याने नेमके काय घेतले?

उचल ठरवावी कशी? मागील तीन वर्षांचा निव्वळ नफा काढावा आणि त्यांपैकी सर्वांत वाईट वर्ष धरावे. सरासरी धरू नये. सरासरीत चांगले वर्ष वाईट वर्षाला झाकते. त्या आकड्यातून कर आणि भांडवलात घालावयाची रक्कम वगळून उरलेल्याचे बारा भाग करावेत. निपाणीचा तंबाखूवाला किंवा गुळाचा अडत्या यांची मिळकत हंगामात येते, पण घराला चूल बाराही महिने पेटवावी लागते. त्यांना तर हे बारा भाग अधिकच अगत्याचे. पहिल्या तारखेस एक भाग गृहिणीच्या स्वतंत्र खात्यात जावा. दुधाचा एकेक खाडा दिनदर्शिकेवर टिपणाऱ्या आपल्या भगिनी तो आपणांहून चोख सांभाळतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

मोठे खर्च अचानक येतात, ही तक्रार अर्धीच खरी. आजारपण अचानक येते. लग्न येत नाही. श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक सामान्यतः बारा वर्षांनी होतो. मागचा २०१८ साली झाला. इतक्या आधी माहीत असलेल्या यात्रेचे पैसेही कित्येक घरांत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गल्ल्यातूनच निघतात!

एकत्र कुटुंबात ही गोष्ट फार नाजूक होते. दोघे भाऊ एकाच पेढीवर बसतात. एकाची मुले शिकण्यास पुण्याला, दुसऱ्याची लहान. कोणी किती नेले हे वीस वर्षे कोणी लिहीत नाही, कारण लिहिणे म्हणजे अविश्वास असा समज. वाटणीच्या दिवशी मात्र दोघांच्याही मनात आपापला आकडा तयार असतो आणि ते आकडे कधी जुळत नाहीत. मग मध्यस्थी करणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे एकही कागद नसतो. दोन भावांच्या नावे दोन उचल खाती असती, तर त्यांची बेरीज करण्यास एक दुपार पुरली असती.

आकडा ठरविण्यास दिवस कोणता घ्यावा? पूर्वी पुष्कळ पेढ्यांचे वर्ष दिवाळीस फिरे. १९८९-९० च्या करआकारणी वर्षापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वहीचे पूजन मात्र आपण वीरनिर्वाणाच्या पर्वावर करतोच. तेव्हा मार्चअखेरचा ताळेबंद हाती ठेवून त्या सायंकाळी घरातील सर्वांनी बसावे, पुढील वर्षाची उचल ठरवावी आणि ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. मध्येच ती वाढविण्याची वेळ आली, तर वाढीव रक्कम त्याच पानावर कारणासह लिहून खाली घरातील दोघांच्या सह्या घ्याव्यात.