काविळीचा माग कसा काढतात?

चार वर्षांपूर्वीचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू मंडळातील अनेकांना आठवत असेल. समारंभानंतर सहाव्या दिवशी एका सभासदांना कावीळ झाली आणि पुढच्या महिनाभरात आणखी चौघांना. रक्ततपासणीत हिपॅटायटिस ए निघाला. सुदैवाने सगळे बरे झाले. पण सर्वांचे बोट पन्ह्याकडे वळले आणि ज्या काकूंनी ते केले होते, त्यांनी पुन्हा मंडळाच्या स्वयंपाकात हात घातला नाही. आम्हीही तेव्हा गप्पच बसलो.

आमची सारी नोकरी बँकेत गेली. हिशोबात फरक आला की पहिली नजर कॅशियरवर जाते. पण व्हाउचर आणि लेजर जुळवून पाहिल्याशिवाय कोणाचे नाव घ्यायचे नाही, हा तिथला शिरस्ता. काविळीचा हिशोबही असाच जुळवावा लागतो.

पहिली नोंद तारखेची. हा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. म्हणजे सहाव्या दिवशी आजारी पडलेल्या गृहस्थांना लागण समारंभाच्या आधीच झालेली होती. पन्ह्याचा त्यात संबंध असूच शकत नाही. उरलेल्या चौघांची लागण त्याच जुन्या ठिकाणची, पन्ह्याची की आणखी कुठली, हे मात्र नुसत्या तारखांवरून ठरत नाही.

दुसरी नोंद विषाणूच्या अंगातच लिहिलेली असते. त्याचा आराखडा सुमारे 7,500 अक्षरांचा असून ती अक्षरे चारच प्रकारची आहेत. विषाणूच्या प्रती निघताना कधीतरी एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या प्रतींत तशीच उतरते. दोन वह्यांत एकाच ठिकाणी एकच चूक दिसली तर एकीवरून दुसरी उतरवली, असे आपण म्हणतो, तसेच हे. प्रयोगशाळेत रुग्णाच्या रक्तातून किंवा शौचातून विषाणू मिळवतात, त्याच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात आणि अक्षरे वाचून इतर रुग्णांशी ताडून पाहतात. 1992 मध्ये संशोधकांनी जगभरातील 152 नमुन्यांतील अवघी 168 अक्षरे ताडून विषाणूची घराणी लावली. माणसात आढळणारे मुख्य प्रकार तीन. प्रत्येकाचे ए आणि बी असे दोन पोटभेद. भारतात मुख्यतः 'तीन ए' आढळतो, अमेरिकेत 2013 च्या सुमारास मुख्यतः 'एक ए' आढळत असे.

याचा उपयोग कसा होतो, ते 2013 मध्ये अमेरिकेत दिसले. दहा राज्यांत विखुरलेल्या 165 लोकांना हिपॅटायटिस ए झाला. त्यांतील बहुतेकांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. नमुने तपासले तेव्हा 'एक बी' प्रकार निघाला. हा तिकडे तेव्हा क्वचितच दिसत असे, पण उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेत सर्रास आढळतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या खाद्यपदार्थाचा संशय बळावला. रुग्णांनी एकाच दुकानसाखळीतून गोठवलेल्या फळांचे मिश्रण घेतले होते. त्या दुकानात सभासद कार्डावर खरेदीची नोंद होत असल्याने तारखाही मिळाल्या. मिश्रणातील प्रत्येक फळ कुठून आले याची कागदपत्रे तपासली आणि माग तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांपर्यंत पोहोचला. माल परत मागवला गेला.

इथे एक सावधगिरी हवी. हा विषाणू सावकाश बदलतो. त्यामुळे छोटा तुकडा जुळला तरी संबंध नसलेल्या दोन रुग्णांत तो योगायोगाने सारखा असू शकतो. म्हणून विषाणूची अक्षरे, तारखा आणि कोणी काय खाल्ले याची यादी, तिन्ही जुळली तरच निष्कर्ष पक्का.

आमच्याकडे त्या वेळी ना नमुने जपले गेले, ना याद्या झाल्या. त्यामुळे खरे कारण आता कळणार नाही. पण पुरावा नसताना एका व्यक्तीला आपण दोषी ठरवले, हे मात्र खरे.

पुढे कधी असा प्रसंग आला तर तीन गोष्टी कराव्यात. कोणाला केव्हा त्रास सुरू झाला आणि आधीच्या 50 दिवसांत कुठे खाणेपिणे झाले, ते लगेच लिहून ठेवावे. डॉक्टरांमार्फत आरोग्य खात्याला कळवावे, म्हणजे नमुने वेळेत घेता येतील. आणि तोवर कोणाचे नाव घेऊ नये.

बाकी काळजी नेहमीचीच. पाणी उकळून घ्यावे. बर्फही त्याच पाण्याचा असावा, कारण गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. वाढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कावीळ दिसण्याच्या आधीचे दोन आठवडेच रुग्णाकडून संसर्गाचा धोका जास्त असतो, त्यामुळे 'मी तर ठणठणीत आहे' यावर विसंबू नये. लस उपलब्ध आहे. तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

यंदाच्या चैत्रगौरीला पन्हे करण्याची विनंती घेऊन आम्ही काही जण काकूंकडे जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे.