आधी प्रिव्ह्यू, मगच ‘अप’: एआय एजंटला सर्व्हरचं काम देताना

आपला सर्व्हर, डेटाबेस हे सगळं कोडमध्ये लिहिलेलं असलं की तो कोड एआय एजंटही बदलू शकतो. पुलुमीच्या एमसीपी सर्व्हरमुळे एजंटच्या हाती दोन वेगळी साधनं येतात: ‘प्रिव्ह्यू’ आणि ‘अप’. प्रिव्ह्यू फक्त काय बदलेल ते सांगतो, क्लाउडला हात लावत नाही. अप मात्र खरोखर बदल करतो.

आता प्रिव्ह्यू वाचायचा कसा? + म्हणजे नवीन, ~ म्हणजे आहे त्यातच बदल, - म्हणजे काढून टाकणार. आणि +- दिसलं की थांबा! जुनं जाऊन त्याच्या जागी नवीन येणार.

उदाहरण घ्या. तुमच्या दुकानाच्या ऑर्डर्स ॲमेझॉनच्या आरडीएस डेटाबेसमध्ये आहेत. तुम्ही एजंटला म्हणालात, “एन्क्रिप्शन चालू कर.” कोडमध्ये बदल एका ओळीचा, पण प्रिव्ह्यूत +- येतं. नवा डेटाबेस रिकामा असतो, जुन्या ऑर्डर्स त्यात आपोआप जात नाहीत!

म्हणून तीन सवयी लावा:

१. प्रिव्ह्यूला परवानगी द्या. अपला दर वेळी तुमचा होकार लागेल असं ठेवा.
२. डेटाबेसवर ‘प्रोटेक्ट’ लावा. मग पुलुमी तो काढायला नकार देतं.
३. कुणी क्लाउडवर हाताने बदल केला असेल तर आधी ‘रिफ्रेश’ करा. नुसता प्रिव्ह्यू पुलुमीकडच्या जुन्या नोंदीशीच तुलना करतो.

एजंटने दिलेल्या सारांशावर समाधान मानू नका; मूळ यादी स्वतः वाचा. दोन मिनिटं जातील, पण ऑर्डर्स वाचतील.